वेगाचे मोल : जानोजी भोसल्यांची १७६९ ची दौड

युद्धे आपल्या स्मरणात राहतात ती बहुधा रणांगणांच्या नावांनी. पानिपत, राक्षसभुवन, खर्डा ही नावे उच्चारली की जय-पराजयाचा सारा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु मराठ्यांच्या इतिहासात एक युद्ध असेही होऊन गेले की, त्याला रणांगणाचे नावच नाही. इ. स. १७६९ च्या आरंभी दोन मराठी फौजा वऱ्हाड, नागपूर, चांदा आणि गोदावरीचा काठ या विस्तीर्ण मुलखात एकमेकींच्या मागेपुढे धावत होत्या. एका बाजूस पेशवे माधवराव, दुसऱ्या बाजूस नागपूरचे सेनासाहेबसुभा जानोजी भोसले. या दोन मुख्य फौजांची निकराची गाठ म्हणून पडली नाही. आणि तरीही मार्च महिन्यात तह झाला, व त्या तहाने नागपूरच्या राज्याचे पुणे दरबाराशी असलेले नाते कागदावर बांधून टाकले.

श्रोतेहो, ही मोहीम आज निवडण्याचे कारण उघड आहे. जे राज्य या धावपळीत पणाला लागले होते ते आपले होते. आजचा भंडारा जिल्हा, आणि १९९९ मध्ये त्यातून वेगळा झालेला गोंदिया, हा सारा वैनगंगेचा मुलूख त्या काळी भोसल्यांचा. नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारी वाट याच मुलखातून जाई, आणि त्या वाटेच्या पलीकडच्या टोकाला, रतनपुरास, जानोजींचे बंधू बिंबाजी राज्य करीत होते. नागपूरची गादी डळमळली असती तर त्याचा धक्का आपल्या गावांना बसल्यावाचून राहिला नसता.

हे राज्य भोसल्यांकडे आले तेच मुळी दुसऱ्यांच्या यादवीतून, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. देवगडचे गोंड राजे चांद सुलतान वारल्यावर त्यांच्या घरात वारसाचा तंटा लागला. वलीशहा नावाच्या पुरुषाने गादी बळकावली. तेव्हा विधवा राणी रतनकुंवर हिने आपल्या मुलांच्या रक्षणासाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावले. रघूजी आले, त्यांनी वलीशहाचा पाडाव केला, राणीच्या मुलांना गादीवर बसविले आणि मदतीचा योग्य मोबदला घेऊन ते परत गेले. पुढे बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा या दोघा भावांतच फाटले, तेव्हा १७४३ मध्ये रघूजी पुन्हा आले. या वेळी मात्र ते परत गेले नाहीत. राजाचा मान गोंडांकडे राहिला आणि सत्ता भोसल्यांकडे आली. भाऊ भावावर उठला म्हणजे तिसऱ्याची फौज कशी आत येते आणि कशी राहते, याचा धडा नागपूरकरांच्या घराण्याने स्वतःच्या हाताने घालून दिला होता. पंचवीस वर्षांनी तोच धडा त्यांच्याच दारात उभा राहिला.

पुणे आणि नागपूर यांचे भांडण केवळ दोन माणसांच्या हेव्यादाव्याचे नव्हते. त्याच्या मुळाशी राज्याच्या घटनेचा प्रश्न होता. सेनासाहेबसुभा ही पदवी छत्रपती शाहू महाराजांनी दिलेली. पेशवेपदही त्यांनीच दिलेले. मग भोसले हे पेशव्यांचे चाकर की छत्रपतींच्या पदरचे बरोबरीचे सरदार? रघूजी दुसरे उत्तर देत, आणि १७४३ मध्ये शाहू महाराजांनी त्यांच्यात आणि पेशवे बाळाजी बाजीराव यांच्यात मुलखाची वाटणी करून देऊन तंटा मिटविला, त्यावरून त्यांच्या म्हणण्याला आधार होता असेच दिसते. परंतु १७४९ मध्ये शाहू महाराज वारले, आणि दोघांच्या वर बसून निवाडा करील असा धनीच उरला नाही. १७५५ मध्ये रघूजीही गेले. त्यांच्या चार मुलांत तंटा लागला. त्याचा निकाल पुण्याच्या मध्यस्थीने झाला: जानोजी नागपुरास सेनासाहेबसुभा, मुधोजी चांद्यास सेनाधुरंधर, आणि साबाजी व बिंबाजी यांना वेगवेगळे प्रांत. ज्या पुण्याची बरोबरी करावयाची त्याच पुण्याकडून पदवी कायम करून घ्यावी लागली, हा जानोजींच्या आयुष्यातला मोठा पेच होता.

त्यात पानिपतानंतर पेशव्यांच्या घरातही दुही माजली. माधवराव अल्पवयी, आणि चुलते रघुनाथराव कारभाराचे भुकेले. या भांडणात जानोजी कधी इकडे तर कधी तिकडे झुकले. १७६३ मध्ये ते निजामअलीच्या बाजूस होते आणि त्या वर्षी निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळले. त्याच वर्षी १० ऑगस्टला राक्षसभुवनावर लढाई झाली, तेव्हा ते निजामाला सोडून बाजूला झाले. त्याबद्दल त्यांना ३२ लक्षांचा मुलूख मिळाला. १७६६ मध्ये माधवरावांनी निजामाशी संगनमत करून त्यातला २४ लक्षांचा मुलूख परत घेतला. जानोजींनी हे गिळले, पण पचविले नाही. १७६८ मध्ये रघुनाथराव उघड उठले तेव्हा जानोजींचे पाठबळ त्यांनाच होते. परंतु १० जून १७६८ रोजी धोडपच्या लढाईत रघुनाथराव पकडले गेले आणि पुण्यास शनिवारवाड्यात अटकेत पडले. आता जानोजी एकटे राहिले. पावसाळा सरल्यावर माधवराव त्यांच्यावर निघाले. निजामअलीनेही आपला दिवाण रुक्नुद्दौला याला फौज देऊन पेशव्यांच्या मदतीस पाठविले.

माधवराव तेव्हा अवघे चोविशीच्या घरात होते. पण त्यांची चाल प्रौढ सेनापतीची होती. वाशीम-कारंज्याच्या वाटेने ते सरळ वऱ्हाडात शिरले. जानोजींच्या वऱ्हाडच्या सुभेदाराने वाट अडवून पाहिली, पण तो पराभव पावून मारला गेला. आता जानोजींपुढे दोन मार्ग होते. एक, नागपुरास ठाण मांडून लढणे. दुसरा, नागपूर सोडून देणे. त्यांनी दुसरा पत्करला. बायकामुले आणि खजिना गाविलगडावर पाठविला, मुधोजी आणि साबाजी या भावांना बरोबर घेतले आणि सडी फौज करून ते मैदानात उतरले. राजधानी रिकामी ठेवून राजाने घोड्यावर बसावे, हा निर्णय लिहावयास सोपा आहे, करावयास नव्हे.

सडी फौज म्हणजे काय, हे नीट समजल्यावाचून या मोहिमेचा उलगडा होत नाही. मराठी फौजेचा वेग तिच्या घोड्यांत होता त्याहून अधिक, ती जे बरोबर घेत नसे त्यात होता. मोठा तोफखाना नाही, डेरेदांडे नाहीत, बाजारबुणगे नाहीत, कुटुंबकबिला नाही. स्वाराजवळ त्याचे घोडे, त्याची हत्यारे आणि खोगिरामागे बांधलेली वळकटी. पानिपतास नेमकी ही रीत सोडली गेली होती. तेथे बुणगे, बायकामाणसे आणि जड तोफा यांच्या ओझ्याने लक्षावधी माणसे एका जागी खिळली आणि उपासमारीने हतबल झाली. आठ वर्षांनंतर जानोजींनी जी रीत उचलली ती शिवकालीन होती. शत्रूला भेटावयाचे नाही, त्याच्या पाठीशी व बगलेला राहावयाचे, त्याची रसद मारावयाची आणि तो दमेपर्यंत चालत राहावयाचे.

पण घोडा वाऱ्यावर जगत नाही. एका घोड्याला दिवसाला चार शेर चंदी धरली, तर दहा हजार घोड्यांना रोज एक हजार मण दाणा हवा, आणि वैरण वेगळी. हा दाणा फौज बरोबर नेत नाही, म्हणूनच ती वेगवान असते. मग तो येतो कोठून? तो गावांतून येतो. कुणब्याच्या पेवातला हरभरा आणि त्याच्या खळ्यावरचा कडबा यांवर स्वाराचा वेग पोसला जातो. या वसुलीला त्या काळी नावच होते, ‘घासदाणा’. घास म्हणजे गवत, दाणा म्हणजे चंदी. गाव लुटू नये एवढ्यासाठी गावाने फौजेला द्यावयाची ही पोटगी. पुढे पुढे ती नगदीत घेतली जाऊ लागली आणि फौज आली नाही तरी तिचा हक्क सांगितला जाऊ लागला. भोसल्यांचा हा घासदाणा निजामाच्या औरंगाबाद सुभ्यातही चाले. हा शब्द आपण ध्यानात ठेवू, कारण तहाच्या कलमांत तो पुन्हा भेटणार आहे.

घोड्यांच्या या भुकेकडे पाहिले म्हणजे मोहिमेचा नकाशाही उलगडतो. जानोजी पूर्वेकडे, आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यात, का शिरले नाहीत? इकडे रान होते, आश्रय होता, पलीकडे छत्तीसगडात भाऊ होता. परंतु हा मुलूख धानाचा. बांध्याबांध्यांनी चिरलेली शेते, कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले तलाव आणि बोड्या, मधून मधून दाट जंगल. येथे मोठ्या घोडदळाला पांगून धावता येत नाही, आणि धानाच्या तणसावर लढाऊ घोडा पोसला जात नाही. पश्चिमेस याच्या नेमके उलट. वऱ्हाडची आणि गोदावरीकाठची काळी जमीन मोकळी, पौष-माघात नद्यांना उतार, ज्वारीचा कडबा गावोगाव रचलेला, रब्बीचा हरभरा शेतात तयार होत आलेला. घोडदळाच्या दृष्टीने वर्षातले हे सर्वांत संपन्न दिवस. लपून बसावयाचे असते तर पूर्व बरी होती. जानोजींना हालचाल करावयाची होती, आणि ती पश्चिमेसच शक्य होती.

माधवराव नागपुरास पोहोचले तेव्हा त्यांना शहर सापडले, राजा सापडला नाही. पेशव्यांच्या फौजेने नागपूर लुटले. हे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे. सहा वर्षांपूर्वी पुणे लुटले गेले त्याचे हे उट्टे होते असे म्हणून ते झाकता येत नाही. पुण्याच्या लुटीत भोसल्यांचा हात होता, नागपूरच्या उदम्या-कोष्ट्यांचा नव्हता. नागपूर हाती येऊनही युद्ध संपले नाही, म्हणून माधवरावांनी दक्षिणेस वळून चांद्याला वेढा घातला. चांद्याचा परकोट मोठा आणि भक्कम. वेढा म्हटला की फौज एका जागी थांबते, आणि जानोजी याचीच वाट पाहत होते.

या वेळी भोसल्यांचे दिवाण देवाजीपंत चोरघडे पेशव्यांच्या छावणीत होते. मराठेशाहीतल्या साडेतीन शहाण्यांत ज्यांची गणना होते ते नरखेडचे देवाजीपंत हेच. पेशव्यांच्या नजरेखाली राहूनही त्यांनी आपल्या धन्याला सल्ला पोहोचविला असे सांगतात. सल्ला कोणाचाही असो, चाल अचूक होती. चांद्याचा वेढा उठवावयाचा असेल तर चांद्याकडे जावयाचे नाही, पुण्याकडे जावयाचे. जानोजी पश्चिमेस वळले आणि मजल दरमजल करीत, मुलूख लुटीत, नगरच्या वाटेने पुण्याच्या रोखाने निघाले. पुण्यात एकच घबराट उडाली. १७६३ ची राखरांगोळी लोक विसरले नव्हते. चीजवस्त गडाकोटांवर हलू लागली. शिवाय शनिवारवाड्यात रघुनाथराव अटकेत होते. जानोजी पुण्यात शिरले आणि त्यांनी दादासाहेबांना सोडविले, तर धोडपचा विजय एका रात्रीत धुऊन निघाला असता. नागपूर जिंकलेल्या माधवरावांना आता पुण्याची चिंता पडली. गोपाळराव पटवर्धन आणि रामचंद्र गणेश कानडे यांना घोडदळ देऊन त्यांनी जानोजींच्या पाठीवर सोडले, आणि अखेर चांद्याचा वेढाही उठविला.

यादवी युद्धांत असे डाव इतरत्रही खेळले गेले आहेत. जानोजींच्या नंतर त्र्याण्णव वर्षांनी, १८६२ च्या वसंत ऋतूत, अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेकडील सेनापती टॉमस जॅक्सन याने व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नदीच्या खोऱ्यात असाच पेच घातला. दक्षिणेची राजधानी रिचमंड संकटात होती. जॅक्सनने रिचमंडच्या मदतीस न जाता खोऱ्यात इतक्या झपाट्याने हालचाली केल्या की, उत्तरेची राजधानी वॉशिंग्टन धोक्यात असल्याचे लिंकनला वाटले आणि रिचमंडवर जाणारे सैन्य त्याने मागे ठेवून घेतले. त्याचे बहुतेक शिपाई पायदळाचे होते, तरी लोक त्यांना पायी चालणारे घोडदळ म्हणत. जॅक्सनची गाथा जगभरच्या सैनिकी विद्यालयांत शिकविली जाते. जानोजींची चाल त्याच जातीची होती. फरक एवढाच की, जॅक्सन वाटेत लढाया जिंकत गेला. जानोजींनी लढाई टाळूनच साधले.

मग जानोजी पुण्यावर तुटून का पडले नाहीत? कारण वेगाची एक मर्यादा असते. सडी फौज भय उत्पन्न करू शकते, परंतु तोफांवाचून ती शहर धरून ठेवू शकत नाही. पुण्यात थांबावे तर मागून गोपाळराव आणि रामचंद्र गणेश येऊन ठेपणार, त्यांच्या मागून स्वतः माधवराव. तिकडे गाविलगडावर बायकामुले, नागपूर लुटलेले, वऱ्हाडची वसुली बुडालेली. फाल्गुन सरत चालला की उन्हाळा वाढतो, गवत वाळते, पाणी आटते, आणि ज्या मुलखातून एकदा फौज गेली त्या मुलखात दुसऱ्यांदा दाणा मिळत नाही. पाठलाग करणाऱ्यांचीही हीच गत. त्यात गोपाळराव मनापासून पाठलाग करीत नाहीत असा संशय त्या वेळी घेतला गेला. त्यात नवल नाही. १७६२-६३ च्या सुमारास रघुनाथरावांच्या रोषामुळे गोपाळरावांवर स्वतःच निजामाच्या आश्रयाला जाण्याची पाळी आली होती. परक्या शत्रूचा पाठलाग करणे वेगळे, आणि काल आपण ज्या जागी होतो त्या जागी उभ्या असलेल्या माणसाचा पाठलाग करणे वेगळे.

अशा रीतीने दोन्ही बाजू थकल्या आणि २३ मार्च १७६९ रोजी कनकापूरचा तह झाला. त्याची मुख्य कलमे पाहण्यासारखी आहेत. जानोजींनी औरंगाबाद सुभ्यातील घासदाणा घेणे बंद करावे. दरसाल ५ लक्ष १ रुपया पाच हप्त्यांनी पेशव्यांना भरावा. पेशव्यांच्या संमतीवाचून फौज वाढवू नये किंवा कमी करू नये, आणि बोलावणे येताच फौजेनिशी हजर व्हावे. दिल्ली, निजाम, इंग्रज यांच्याशी परस्पर राजकारण करू नये. उलटपक्षी पेशव्यांनीही कबूल केले की, हिंदुस्थानात जाताना आपल्या फौजा नेहमीची वाट सोडून भोसल्यांच्या मुलखात उपद्रव करणार नाहीत, आणि जानोजींच्या भाऊबंदांच्या तक्रारींना उगीच उत्तेजन देणार नाहीत.

या कलमांत भोसल्यांच्या वेगाची साधने एकेक करून बांधून घेतली आहेत, असे माझे मत आहे. घासदाणा गेला की परमुलखावर पोसल्या जाणाऱ्या फौजेचा आधार गेला. फौजेची संख्या पेशव्यांच्या हाती गेली की अचानक दौड करण्याची सोय गेली. माधवरावांना जानोजी पकडता आले नाहीत, म्हणून त्यांनी जानोजींची दौडच पकडली. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी. नागपूरची गादी जानोजींकडेच राहिली. १७६६ प्रमाणे मोठा मुलूख कापून दिल्याचे हे तहनामे नव्हते. राजधानी लुटली गेलेला, मित्र कैदेत पडलेला आणि दोन सत्तांनी घेरलेला सरदार आपली पदवी राखून मार्ग काढतो, हे त्या पळापळीचेच फळ होते. जानोजी पळाले असे म्हणणाऱ्यांनी, नागपुरास थांबून ते काय राखू शकले असते, याचाही विचार करावा.

पुण्याकडचे लेखक जानोजींना फितुरीचा दोष देतात. आपल्याकडचे काही अभिमानी लोक माधवरावांना जुलमी ठरवितात. मला दोन्ही निवाडे अपुरे वाटतात. निजामाच्या दारात जाऊन पुणे लुटविणे हे जानोजींचे पाप आहेच. पण त्याच निजामाची फौज बरोबर घेऊन नागपुरावर येणे यात पेशव्यांनीही वेगळे काय केले? मराठ्यांच्या घरच्या भांडणात निजाम दोन्ही वेळा होता आणि दोन्ही वेळा त्याचा फायदा झाला. आणि या दोन फौजा ज्या गावांतून गेल्या त्या गावांना पुण्याचा स्वार आणि नागपूरचा स्वार यांत भेद करता आला नसेल. दोघांची बोली एक, दोघांच्या तोंडी ‘हर हर महादेव’, आणि दोघांच्या घोड्यांना लागणारा कडबा तोच. शिवाजी महाराजांची सक्त ताकीद होती की, रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये. गनिमी काव्यातला वेग त्यांच्या वंशजांनी आणि सरदारांनी उचलला. ही ताकीद मात्र त्या वेगाबरोबर फार दूरवर गेली नाही.

तहाने भांडण मिटले असे क्षणभर वाटले. पण ज्या रोगातून ते उद्भवले होते तो वारसाच्या आणि वाटणीच्या तंट्याचा रोग कलमांनी बरा होणारा नव्हता. १७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक वारले. मुधोजींचा मुलगा रघूजी याला त्यांनी दत्तक घेतले होते, तरी कारभारासाठी मुधोजी आणि साबाजी एकमेकांवर उठले. त्याच वर्षी नोव्हेंबरात माधवरावही गेले, आणि पुण्यातही तोच वणवा पुन्हा पेटला. १७६९ मध्ये एकाच जानोजींच्या बाजूने घोडी फेकणारे हे दोघे भाऊ २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावच्या मैदानात समोरासमोर आले, आणि साबाजी भावाच्या हातून मारले गेले. देवगडच्या गोंड बंधूंच्या भांडणातून मिळालेले राज्य बत्तीस वर्षांत भोसले बंधूंच्या रक्ताने भिजले.

या मोहिमेत शौर्य होते, बुद्धी होती, डावपेचाचे कौशल्यही होते. जानोजींची पुण्याकडची झेप सैनिकी इतिहासात मानाने सांगावी अशीच आहे. तरी ती सांगताना, त्या झेपेखाली कोणाची खळी रिकामी झाली, हेही आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. राजांची नावे कागदावर राहिली आहेत. दाणा देणाऱ्या कुणब्यांची राहिलेली नाहीत. परंतु त्यांच्याच दाण्यावर ही सारी दौड झाली, एवढे स्मरण ठेवावे अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.